सोळा रंगांचा उन्हाळा

कूलरच्या जाळीत नवा वाळा भरला, त्यावर पहिलं पाणी सोडलं आणि तो ओलसर, मातकट, थोडासा औषधी वास खोलीभर झाला, की आमचा उन्हाळा सुरू होतो. कॅलेंडर काहीही म्हणो. सोलापूरकराला उन्हाळ्याचं कौतुक नसतं आणि फारशी तक्रारही नसते. बाहेरचे पाहुणे घाम पुसत बसले की मात्र आम्ही जरा फुशारकीनं सांगतो, हे काहीच नाही, मे महिन्यात या. परवा वाळा भरला आणि त्या वासाबरोबर मला दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. त्या उन्हाळ्यात मी एका मेलेल्या कॉम्प्युटरला दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात जागा शोधत होते.

तो कॉम्प्युटर नायनांचा. नायना म्हणजे माझे वडील. आमचं घर विणकरांचं, घरात तेलुगू आणि दारात मराठी. इथे मात्र सगळ्यांना मराठीतच बोलायला लावते, कारण आम्ही घराबाहेर बोलतो तेच मराठी मला लिहायला सोपं जातं. नायना एका चादरीच्या कारखान्यात डिझाइन मास्तर होते. चादरीवरचा मोर, कोपऱ्यातली कोयरी, काठावरची वेल, हे सगळं आधी कुणीतरी चौकोनी घरांच्या कागदावर काढावं लागतं. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, त्या पट्ट्या मागावरच्या जकार्ड नावाच्या यंत्राला लावायच्या, आणि मग धागा कुठे वर उचलायचा ते माग त्या भोकांवरून ठरवतो. नायनांनी आयुष्यभर हे कागद काढले. पुढे कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांच्या वयाचे सगळे मास्तर त्याच्याकडे पाठ करून बसले. नायना एकटे त्याच्यासमोर बसले आणि एक प्रोग्राम शिकले. विंडोज ९८ वर चालणारा, पाच-सात बटणांचा, रूक्ष तोंडाचा प्रोग्राम. तो एकच शिकले, आणि असा शिकले की पुढे दुसरा शिकायची त्यांना गरजच वाटली नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा मालकानं तो कॉम्प्युटर त्यांना देऊन टाकला. नायनांनी तो रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणला. पुढे ते आणि अम्मा आमच्याकडे जुळे सोलापूर भागात राहायला आले, तेव्हा अम्मानं जुन्या घरातला शिसवी पाट सोडला, पितळी घंगाळ सोडलं, पण हे धूड आलंच. "हे यांचं दुसरं लग्न," अम्मा म्हणायची. रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून नायना त्याच्यासमोर बसत. काढलेलं सगळं विणलं जायचंच असं नाही. पण माझा चुलतभाऊ व्यंकू, ज्याचे अक्कलकोट रोडला माग आहेत, तो वर्षाकाठी त्यांच्याकडून काही काठ, काही फुलं घेऊन जायचा. त्या चादरी बाजारात गेल्या की नायना एखाद्या दुकानाबाहेर उगाच थांबून लटकवलेल्या चादरीचा कोपरा चिमटीत धरून बघत. दुकानदाराला वाटायचं गिऱ्हाईक आहे.

त्या एप्रिलमध्ये कॉम्प्युटर गेला. दुपारची लाइट गेली, आली, पुन्हा गेली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा मशीनमधून जळक्या रबराचा वास आला. बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि मला बाजूला घेऊन, जसं डॉक्टर नातेवाइकाला घेतात तसं, म्हणाला, "मॅडम, याचं काय राहिलं नाही बघा. नवीन घ्या, नवीन सॉफ्टवेअर टाकून द्या. सोपं असतंय आता सगळं."

सोपं कुणाला, हा प्रश्न त्याला विचारायला हवा होता. मी नायनांना माझ्या लॅपटॉपवर नवा प्रोग्राम लावून दिला. एवढाली चित्रं, एवढाले रंग, उजवीकडे एक पट्टी, डावीकडे दुसरी, मध्येच काहीतरी आपोआप उघडतं आणि विचारतं, मदत हवी का. नायनांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मग दोन्ही हात मांडीखाली घालून बसले, जसं परक्या घरी गेल्यावर लहान मूल बसतं. "छान हाय," म्हणाले आणि उठून बाल्कनीत गेले. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली, विभूती लागली, आणि पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. पेपर वाचला. तोच पेपर दुपारी पुन्हा वाचला. अम्मा मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "हे माणूस रिकामं बसलं तर टिकणार न्हाय गं." मला ते आधीच दिसत होतं, पण बोलून दाखवलं तिनंच.

मी एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवते. एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा, खोटा कॉम्प्युटर चालवता येतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर चौकोनात चौकोन काढून शिकवत आलेय. आतल्या चौकोनाला कधी कळतच नाही की तो भाडेकरू आहे. त्याला वाटतं, डिस्क आपली, मेमरी आपली, अख्खं घर आपलं. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मीही विसरलेच होते म्हणायचं. घरात आग लागली तेव्हा कुठे लक्षात आलं की बंब आपल्याकडेच आहे.

आता बंब कोणता, इथे घोडं अडलं. मेची सुट्टी लागलेली. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला धरायचं. कूलरसमोर मांडी घालून मी दिवसचे दिवस वाचत बसले. जगात अशी हौशी मंडळी भरपूर आहेत, जी आपापल्या घरात छोटे सर्व्हर ठेवतात आणि जुन्या सिस्टिम्स जिवंत ठेवतात, आणि कोणतं सॉफ्टवेअर चांगलं यावरून एकमेकांची अशी काही उणीदुणी काढतात की पाणी येण्याच्या दिवशी आमच्या सोसायटीत मोटारीवरूनसुद्धा तशी होत नाहीत. एक जण म्हणतो साधं घ्या, फुकट आहे, तुमच्या चालू कॉम्प्युटरवरच बसवा. दुसरा म्हणतो छे, वेगळी पेटी घ्या, तिच्यावर दुसरं काही ठेवूच नका, थेट तिच्या लोखंडावर, विंडोजशिवाय बसणारं सॉफ्टवेअर घ्या, दिवसरात्र चालू राहील आणि घरातल्या कुठल्याही पडद्यावरून आत डोकावता येईल. तिसरा म्हणतो, हे दोघेही उंटावरचे शहाणे. जुनी सिस्टिम नव्या चिपवर पळाली की तिचं डोकं फिरतं. तिला तिच्या काळातली चिप, तिच्या काळातलं कार्ड, सगळ्याची हुबेहूब नक्कल करून द्या. हळू चालेल, पण इमानानं चालेल.

तिघांचं बरोबर होतं, हीच पंचाईत. पहिलं मी लॅपटॉपवर बसवून बघितलं. चाललं. पण लॅपटॉप माझ्याबरोबर कॉलेजला जाणार, म्हणजे नायनांचं काम माझ्या पिशवीतून हिंडणार. माणसाचा कामाचा पाट असा कुणाच्या काखोटीला देतात का? तिसरं बसवलं. इमानी होतं यात शंका नाही, पण माझ्या यंत्राला त्याचं ओझं झेपेना. माउस हलवला की बाण जरा विचार करून निघायचा. नायनांचा हात त्याच्या आधी पुढे पोचायचा आणि भलत्याच घरात रंग पडायचा. राहिलं दुसरं. म्हणजे घरात एक वेगळी छोटी पेटी हवी, चोवीस तास चालू. सोलापूरच्या मेमध्ये चोवीस तास चालू राहणाऱ्या गोष्टी दोनच, सूर्य आणि आमच्या वरच्या मजल्यावरचा टीव्ही. पण शेवटी तेच ठरलं. पेटी देवघराच्या खोलीत ठेवली, कारण तिथे दुपारचं ऊन येत नाही. जुन्या डिस्कवरची सगळी डिझाइनं सुदैवानं निघाली. तीही आत नेऊन ठेवली.

या सगळ्यात मी सॉफ्टवेअर निवडत होते असं मला वाटत होतं. आता कळतं की निवडायचं काहीतरी वेगळंच होतं. जुन्यातलं काय जसंच्या तसं पाहिजे आणि कशावाचून चालेल, हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ते यंत्राकडे बघून ठरत नाही. त्या माणसाचा हात कुठे जातो ते बघून ठरतं. मी नायनांच्या मागे उभी राहून त्यांचा हात इतका वेळ कधी बघितला नव्हता. अंगठ्याला जुना चटका होता, मला माहीतच नव्हता.

एक अडचण उरली होती. त्या खोट्या मशीनमध्ये विंडोज ९८ ला रंग नीट मिळेनात. सोळाच्या वर जाईना. मी दोन दिवस डोकं आपटलं, हे टाकलं, ते काढलं, सोळाच. शेवटी नायनांना बिचकत सांगितलं की रंग सोळाच दिसणार. 

"चादरीत किती असतेत?" म्हणाले.

"चार. पाच."

"मग बाकीचं कुणाला घालायचं?"

मी विषय आवरता घेतला. कधीकधी शिकलेल्या माणसाला अडचण नसली तर करमत नाही.

चालू करायचं ते अक्षय्य तृतीयेलाच, असं नायनांनी आधीच सांगून ठेवलं होतं. नवा माग, नवं काम, त्याच दिवशी. सकाळी अम्मानं हळदीकुंकवाची वाटी आणली आणि पहिला पेच पडला. कुंकू लावायचं कशाला? जुनं मशीन कोपऱ्यात रिकामं पडलेलं. नवी पेटी देवघराच्या खोलीत. नायनांच्या समोर नुसता पडदा. मी म्हटलं, पेटीला लावा, खरी तीच आहे. नायना म्हणाले, "पन माझं मशीन तिच्या आत हाय म्हनतीस की. आतल्याला कसं लावायचं?"  फळ्यासमोर हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. शेवटी अम्मानं पेटीला लावलं, पडद्याच्या चौकटीला लावलं, उरलेलं जुन्या मशीनच्या कपाळालाही लावलं आणि म्हणाली, "कुटं असंल तितं पोचंल." मग पडद्यावर ते जुनं निळं-हिरवं तोंड उजळलं, जुना सूर वाजला, आणि नायना एकदम ताठ बसले. मला भरून आलं. ते मी नारळ फोडायच्या निमित्तानं लपवलं.

पडदा नवा होता, लांबट, आताचे असतात तसा. जुनं चित्र त्यात मधोमध बसायचं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहायच्या. नायनांना ते खपेना.

"हे बाजूला रिकामं का सोडलंयस?"

"ते तसंच असतं नायना. जुना पडदा चौकोनी होता ना."

"पन्हा असा अर्धा सोडतेत का कुटं? भर की पुरा."

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. विणकराच्या घरात पन्हा रिकामा सोडणं म्हणजे ताटात अन्न टाकून उठण्यासारखं. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावलाय, सूत गेलंय, आणि कडेची जागा तशीच सोडायची? त्यांची मागणी मला इतकी साहजिक वाटली, आणि चित्र मोठं दिसलं तर त्यांच्या डोळ्यांनाही बरं, म्हणून सेटिंगमधल्या एका चौकोनात खूण केली आणि चित्र पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलं. नायना खूश झाले. त्यांनी जुनी डिझाइनं एकेक उघडली. "त्या टायमाला लई घाई असायची," पुटपुटले. "फुलं बग कशी फताडी काढलीत." मला हसू आलं. म्हातारपणी माणसाला आपलंच जुनं काम ढोबळ वाटतं, असं काहीतरी शहाणपणाचंही मी मनात म्हणून घेतलं.

पुढचे दिवस सुखाचे गेले. गच्चीवर अम्माच्या कुरडया वाळत होत्या, फ्रिजमध्ये कलिंगड होतं, आणि आतल्या खोलीतून माउसचा टकटक आवाज यायचा. व्यंकूला एका नव्या चादरीसाठी काठ आणि मधलं फूल पाहिजे होतं. नायनांनी ते काढलं. मोठं, आठ पाकळ्यांचं, गोल फूल. फूल ते घरं मोजून काढत नाहीत, नजरेनं काढतात; मोजतात ते फक्त काठावरच्या वेलीचे सांधे. काम व्यंकूकडे गेलं आणि नमुना विणून आला.

फूल उभट आलं होतं. कुणी दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं, लांबुळकं. व्यंकूनं नमुना पलंगावर पसरला. व्यंकू मनाचा चांगला, नायनांच्याच हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, "काका, आता ऱ्हाऊ द्या. लई केलंत. मी बाहेरून तयार डिझाइन मागवतो, हल्ली सगळे तसंच करतेत." एवढ्या मायेनं बोलला की त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं.

नायनांनी वाद घातला नाही. नमुन्यावरून हात फिरवला, घडी घातली आणि दिली. त्या दिवसापासून ते पडद्यासमोर बसले नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेलं, तरी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे छान आहेत, डॉक्टर म्हणाले. परतताना रिक्षात नायना म्हणाले, "डॉक्टर डोळा बगतो गं. नजर न्हाय बगत. ती गेली." वाऱ्याच्या गरम झोतात त्यांनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला. मला वाटलं, झालं. मी एक अख्खं मशीन त्यांच्यासाठी जिवंत केलं आणि त्यानंच त्यांना सांगितलं की तुमचं संपलं. त्यापेक्षा एप्रिलमध्येच दुरुस्तीवाल्याचं ऐकलं असतं, तर निदान दोष मशीनच्या मरणाला तरी गेला असता. असं सगळं उलटसुलट मनात यायचं आणि कूलर घरघरत राहायचा.

एका दुपारी मी ती पेटी बंदच करून टाकावी म्हणून बसले. बंद करण्याआधी सहज बघितलं तर आतल्या विंडोजची तारीख चुकलेली. ती दुरुस्त करायला उघडली की त्या जुन्या सिस्टिममध्ये एक काट्यांचं घड्याळ दिसतं. अम्मा मागे शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "हे घड्याळ असं अंड्यासारखं का गं?"

मी बघितलं.  घड्याळ आडवं फुगलं होतं. गोल नव्हतंच. आम्ही पन्हा भरला तेव्हा आतलं सगळं जग आडवं ताणलं गेलं होतं, घड्याळ, अक्षरं, नायनांची जुनी फुलं, सगळं. म्हणून ती त्यांना फताडी दिसली. म्हणून नवं फूल त्या पडद्यावर गोल दिसावं यासाठी त्यांनी ते रुंदीला कमी काढलं, आणि मागावर, जिथे काही ताणलेलं नसतं, तिथे ते उभट उतरलं. त्यांची नजर इतकी पक्की होती की खोट्या पडद्यावरसुद्धा तिनं गोल ते गोलच केलं होतं.

मी नायनांना ओढून आणलं आणि सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग माझ्याकडे संशयानं बघितलं. "मला बरं वाटावं म्हनून बोलायलीस."

मी कितीही समजावलं तरी त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटेना. तेव्हा अम्मा उठली, हातातली बांगडी काढली आणि पडद्यावरच्या घड्याळावर धरली. बांगडी गोल, आणि घड्याळ दोन्ही बाजूंनी बाहेर. नायनांनी बांगडी तिच्या हातातून घेतली, स्वतः धरली. वर धरली, तिरकी धरली, पुन्हा नीट धरली. नंतर बांगडी हातातच ठेवून खुर्चीत बसले. मी काळ्या पट्ट्या परत आणल्या. "ऱ्हाऊ दे तसं," ते म्हणाले. "थोडा पन्हा गेला तर गेला."

पुन्हा टकटक सुरू झाली, पण दबकत. दोन घरं भरायची, मागे सरकून बघायचं, बांगडी लावायची. अम्माचा एक हात त्या दिवसांत मोकळाच असायचा. मी व्यंकूला फोन करून सगळं सांगितलं आणि एक नमुना अजून विण म्हणाले. तो विणतो म्हणाला, पण त्याच्या आवाजात मला नातं ऐकू आलं, धंदा नाही.

तोवर आभाळात दुपारचे ढग दिसायला लागले होते, नुसतेच, न पडणारे. अशाच एका उकाड्याच्या दुपारी व्यंकू दुसरा नमुना घेऊन आला आणि पलंगावर पसरला. मधलं फूल गोल होतं. ताटलीसारखं गोल, आठही पाकळ्या सारख्या. व्यंकूनं ते बघून मान डोलावली. नायनांनी फुलाकडे जेमतेम पाहिलं. त्यांचं बोट काठावरून वेलीबरोबर सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. जिथे एक वेल संपून पुढची सुरू होते, त्या सांध्यावर एक पान जुळलेलं नव्हतं. देठ एकीकडे आणि पान जरासं वर. ते दाखवलं नसतं तर मला जन्मात दिसलं नसतं.

व्यंकूलाही दिसलं. तो घाईनं म्हणाला, "ते मशीनचंच असंल काहीतरी, काका. मागल्या टायमासारखं."

"न्हाय," नायना म्हणाले. "मशीनला कशाला बोल लावतोस. तितं मी एक घर मोजायला चुकलो. ही चूक माझी हाय."

महिनाभरात त्यांचा असा ताठ आवाज मी ऐकला नव्हता. त्यांनी नमुना खांद्यावर टाकला, खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यासमोर बसून ते पान शोधायला लागले.